घाटावरचा समुद्र : नव्या प्रवाळ मत्स्यालयाची निगा आणि पाण्याची तपासणी

पुण्याहून साताऱ्याकडे निघाल्यावर खेड-शिवापूर मागे पडले, की महामार्गालगत भोर तालुक्यातील वरवे बुद्रुक हे गाव लागते. आजूबाजूला भातखाचरे, डोंगरउतार, विहिरी आणि कूपनलिका. पश्चिमेस सह्याद्रीची रांग आणि तिच्यापलीकडे, सरळ रेषेत मोजले तरी ९०-एक किलोमीटरवर, अरबी समुद्र. शहर महामार्गाच्या कडेने पसरत चालले तशी अशा गावांत पुणेकरांची घरे आणि बंगले उभे राहिले, आणि शहरातील हौसही त्यांच्यासोबत आली. खाऱ्या पाण्यातील मत्स्यालय ही त्यांपैकी सर्वांत खर्चिक आणि सर्वांत नाजूक हौस होय. गोड्या पाण्याची टाकी नळाखाली भरता येते. प्रवाळभित्तीच्या जगाचे तसे नाही. घाटावर समुद्राचा थेंबही आयता मिळत नाही. पाणी आधी शुद्ध करावे लागते, मग खारे करावे लागते, मग ते 'पिकू' द्यावे लागते. नव्या टाकीतील मासे पहिल्या महिन्यात दगावतात, त्याचे कारण बहुधा रोग नसून ही तिसरी पायरी गाळण्याची घाई हे असते.

समुद्रापासून दूर समुद्र सांभाळण्याचा प्रश्न नवा नाही. १८४६ साली अ‍ॅना थिन या इंग्रज विदुषीने टॉर्कीच्या किनाऱ्यावरून काही कठीण प्रवाळ दगडी बरणीतून लंडनला नेले. पाण्यात हवा मिसळावी म्हणून त्यांची मोलकरीण रोज उघड्या खिडकीपाशी अर्धा-पाऊण तास ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत बसे. आज पंप आणि प्रोटीन स्किमर जे काम करतात, ते त्या काळी हातांनी होत होते. मुंबईत १९५१ साली सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाला मरीन ड्राइव्हवर समुद्र निदान दाराशी होता. वरव्यात तीही सोय नाही.

टाकी घेण्यापूर्वी आणखी एक गोष्ट समजून घेणे आवश्यक आहे, कारण दुकानांत ती क्वचितच सांगितली जाते. भित्ती बांधणारे सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, समुद्रपंखे, तसेच समुद्रघोडे व त्यांच्या कुळातील मासे आणि महाकाय शिंपल्यांच्या काही जाती यांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली स्थान मिळाले. वाघाला जे संरक्षण, तेच त्यांना. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची फेररचना झाली, तरी कठीण प्रवाळांचे संरक्षण कायम राहिले. या अनुसूचीतील प्राण्याबाबतच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षांचा कारावास आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे. 'जिवंत खडक' म्हणून विकला जाणारा दगड हा प्रवाळाचाच सांगाडा असेल, तर तोही या कक्षेत येतो. यादीत नाव नसलेले मऊ प्रवाळ किनाऱ्यावरून उचलून आणण्यास मोकळीक आहे, असाही याचा अर्थ नव्हे. मालवणचा काही किनारी भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे आणि तेथील प्रवाळ आधीच अडचणीत आहेत. विक्रेत्याने परवान्याची ग्वाही दिली तरी वनविभागाकडे लेखी विचारणा केल्याशिवाय कोणताही प्रवाळ घरात आणू नये.

म्हणजे भारतात घरगुती 'रीफ टँक' म्हणून जे प्रामाणिकपणे उभे करता येते, ते सिरॅमिक किंवा सिमेंटच्या सच्छिद्र कृत्रिम खडकांचे, त्यावर कालांतराने चढणाऱ्या गुलाबी शैवालाचे, गोगलगायी-कोळंब्यांचे आणि पैदास केंद्रात वाढवलेल्या माशांचे जग. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने विदूषक माशाचे बंदिस्त प्रजनन यशस्वी केल्याला बराच काळ लोटला आहे. नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा हा मासा नवशिक्यासाठी उत्तमच, आणि त्याला समुद्रफूल लागतेच असेही नाही. यामुळे पाण्याच्या तपासणीचे महत्त्व कमी होत नाही. कोळंबी आणि गोगलगायी पाण्यातील दोषांना माशांहूनही आधी बळी पडतात.

पाणी कोठून आणावे

दख्खनच्या काळ्या पाषाणातून येणारे कूपनलिकेचे पाणी बहुधा जड असते. त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट मुरलेले असते आणि शेतीच्या परिसरात खतांतील नायट्रेटही उतरलेले असते. ग्रामपंचायतीच्या नळाला ब्लीचिंग पावडरीचे क्लोरिन. टाकीसाठी या दोहोंपैकी कोणतेही पाणी थेट चालत नाही. घरातील पिण्याच्या पाण्याचा 'आरओ' पुरेल, असे पुष्कळांना वाटते. पण चवीसाठी त्यात काही क्षार मुद्दाम राखलेले असतात. मत्स्यालयासाठी कार्बन गाळणी, आरओ पडदा आणि शेवटी आयन शोषणारे रेझिन अशी साखळी लागते. टीडीएस मीटर बाहेर पडणाऱ्या पाण्यात शून्य दाखवत असेल, तरच ते पाणी वापरावे. आकडा चार-पाचवर चढू लागला की रेझिन संपत आले, असे समजावे. जड पाण्याच्या गावात ते शहरापेक्षा लवकर संपते.

तांब्याचा उल्लेख येथेच केला पाहिजे. मराठी घरात तांब्याचा हंडा आणि कळशी यांना मान असतो, आणि एक बादली पाणी हंड्यातून ओतले तर काय बिघडले, असा विचार सहज होतो. परंतु पाठीचा कणा नसलेल्या सागरी प्राण्यांना तांबे अत्यल्प मात्रेतही मारक ठरते, आणि खडक व वाळू ते धरून ठेवून पुढे हळूहळू सोडत राहतात. पितळी तोटी, जुना तांब्याचा बंब, बोर्डो मिश्रण कालवलेली बादली किंवा फवारणीचा पंप यांपैकी कशाचाही स्पर्श या पाण्याला होता कामा नये. बादली, नळी आणि पिंप ही सर्व खाद्यपदार्थांसाठीच्या प्लॅस्टिकची व फक्त टाकीसाठी राखलेली असावीत; घरातील प्रत्येकाला हे माहीत असावे म्हणून त्यांवर ठळक अक्षरांत लिहून ठेवलेले बरे.

शुद्ध पाण्यात मत्स्यालयासाठीचे कृत्रिम सागरी मीठ मिसळायचे. स्वयंपाकाचे मीठ अथवा मिठागरातील खडे मीठ त्याची जागा घेऊ शकत नाही, कारण समुद्रात सोडियम क्लोराइडखेरीज मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, बायकार्बोनेट आणि इतरही अनेक घटक ठरावीक प्रमाणात असतात. लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम मीठ लागते. मीठ पाण्यात घालावे, मिठावर पाणी ओतू नये. अन्यथा तळाशी चुन्याचा पांढरा साका बसतो आणि तेवढे कॅल्शियम वाया जाते. पिंपात छोटा पंप फिरता ठेवून हे पाणी दिवसभर मुरू द्यावे आणि टाकीइतक्याच तापमानाला आणून मगच वापरावे. कोकणातून समुद्राचे पाणी कॅनमध्ये भरून आणण्याचा मोह काहींना होतो. पावसाळ्यात नद्यांच्या लोंढ्याने किनाऱ्यावरील पाण्याचा खारेपणा घटतो, बंदरांजवळ तेलाचा तवंग असतो, खाडीच्या मुखाशी गाळ. घाट उतरून-चढून आणलेले असे पाणी विकतच्या मिठापेक्षा स्वस्त पडेल, याची शाश्वती नाही.

पाणी पिकते म्हणजे काय

माशाची विष्ठा, उरलेले अन्न आणि मेलेले जीव कुजले की अमोनिया तयार होतो. खडक आणि वाळू यांच्या पृष्ठभागावर वाढणारे एका प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि दुसऱ्या प्रकारचे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. नव्या टाकीत हे जिवाणू जवळजवळ नसतातच. त्यांची वसाहत पुरेशी होण्यास चार ते सहा आठवडे लागतात, कधी अधिकही. पाणी या काळात काचेसारखे स्वच्छ दिसते, आणि घोटाळा नेमका येथेच होतो. अमोनियाला रंग नाही. शिवाय समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.२ च्या आसपास असल्याने अमोनियाचा विषारी, मुक्त अंश गोड्या पाण्यातील मत्स्यालयाहून कितीतरी पट अधिक असतो. पीएच एका अंकाने वाढला की तो अंश जवळपास दहापट होतो.

पूर्वी 'टाकी पिकवण्यासाठी' एखादा काटक मासा सोडत असत. ती पद्धत क्रूर तर आहेच, शिवाय निरर्थकही. चिमूटभर माशांचे खाद्य अथवा मोजून घातलेले अमोनियम क्लोराइड तेच काम करते. अमोनिया लिटरला दोन मिलिग्रॅमपर्यंत न्यावा आणि दर दोन-तीन दिवसांनी अमोनिया व नायट्राइट तपासून वहीत तारखेसह लिहावे. प्रथम अमोनिया चढतो. तो उतरू लागतो तसे नायट्राइट वर येते आणि पुष्कळ दिवस तेथेच रेंगाळते. घातलेला दोन मिलिग्रॅम अमोनिया चोवीस तासांत नाहीसा झाला आणि नायट्राइटही शून्य दिसले, म्हणजे पाणी पिकले. त्यानंतर साठलेले नायट्रेट कमी करण्यासाठी एकदा मोठा पाणीबदल करावा आणि मग एक-दोनच मासे आणावेत, तेही शक्यतो चार आठवडे वेगळ्या साध्या टाकीत ठेवून. पांढऱ्या ठिपक्यांचा सागरी रोग एकदा मुख्य टाकीत शिरला, तर त्यावरील तांब्याचे औषध कोळंब्यांमुळे तेथे वापरताच येत नाही.

याच सुमारास खडकांवर तपकिरी थर येतो, मागोमाग हिरवे केस, कधी लालसर बुळबुळीत पापुद्रा. मालकाचा धीर येथे सुटतो आणि तो बाटलीतील औषधे ओतू लागतो. वास्तविक हा नव्या टाकीचा स्वाभाविक काळ असतो. दिव्याचे तास कमी करावेत, खाद्य कमी करावे, थर हाताने काढावा आणि गोगलगायींना काम करू द्यावे.

काय तपासावे, आणि कसे

लवणता आणि तापमान ही रोजची बाब. लवणता दर हजारी ३५ भाग, म्हणजे २५ अंश सेल्सिअसला विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०२६ असावी. ती मोजण्यासाठी प्लॅस्टिकच्या काट्याच्या हायड्रोमीटरपेक्षा रिफ्रॅक्टोमीटर बरा; मात्र तो शुद्ध पाण्यावर शून्याला लावून भागत नाही, ३५ भागांच्या प्रमाणित द्रावणावर पडताळावा. आठवड्यातून एकदा नायट्रेट, फॉस्फेट, पीएच आणि अल्कता पाहावी. अल्कता म्हणजे पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद. दुकानदार तिला 'केएच' म्हणतात. ती ७ ते ११ अंशांत असावी, आणि नेमक्या आकड्यापेक्षा तिचे स्थिर राहणे अधिक मोलाचे. नायट्रेट लिटरला २ ते १० मिलिग्रॅम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅम या मर्यादेत असले म्हणजे पुरे. दोन्ही शून्यावर आणण्याचा अट्टहास नको. काही संच नायट्रेटऐवजी त्यातील नायट्रोजन मोजतात, त्या आकड्याला ४.४ ने गुणावे लागते. पत्रक न वाचल्याने नायट्रेट २० असलेले पाणी पाचाखाली दिसते आणि मालक निश्चिंत राहतो.

कॅल्शियम लिटरला ४०० ते ४५० मिलिग्रॅम आणि मॅग्नेशियम १२५० ते १३५० मिलिग्रॅम असावे, असे परदेशी पुस्तके सांगतात आणि त्यासाठी द्रावणांच्या बाटल्यांची रांगच दुकानात मांडलेली असते. परंतु हा खर्च मुख्यतः वाढत्या कठीण प्रवाळांसाठी असतो. ते ज्या टाकीत नाहीत, तेथे गुलाबी शैवाल आणि गोगलगायी यांचा खप इतका अल्प असतो, की साप्ताहिक पाणीबदलातून तो भरून निघतो. महिन्यातून एकदा मोजावे आणि बाटल्या दुकानातच राहू द्याव्यात.

तपासणीचे तंत्र साधे असले तरी चुका तेथेच होतात. परीक्षानळी आधी टाकीच्याच पाण्याने विसळावी. पाण्याची पातळी डोळ्यांच्या रेषेत आणून, खालच्या वळणावर वाचावी. थेंबाची बाटली सरळ उभी धरावी. तिरकी धरल्यास थेंब लहान-मोठे पडतात. नायट्रेटची बाटली वापरण्यापूर्वी जोरात हलवावी, कारण तिच्यातील एक घटक तळाशी बसतो. रंग दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कागदावर पाहावा. मत्स्यालयाच्या निळ्या दिव्याखाली सगळेच आकडे सुंदर दिसतात. एप्रिल-मेच्या उकाड्यात रसायने खराब होतात, म्हणून संच थंड व अंधाऱ्या कपाटात ठेवावेत आणि मुदत संपलेले टाकून द्यावेत. पीएच पहाटे सर्वांत कमी आणि संध्याकाळी सर्वांत जास्त असतो, तेव्हा तपासणीची वेळ एकच हवी. पावसाळ्यात दारे-खिडक्या बंद राहून खोलीत कार्बन डायऑक्साइड साठला, तरी पीएच उतरतो; अशा वेळी रसायन घालण्यापूर्वी खिडकी उघडून पाहावी.

एखादा आकडा अचानक विचित्र आला, तर पुन्हा तपासल्याशिवाय काहीही करू नये. दुसऱ्यांदाही तोच आला तरी दुरुस्ती सावकाशच करावी. अल्कता दिवसाला एका अंशाहून अधिक हलवणे धोक्याचे असते. समुद्रात अशी उलथापालथ होत नाही, आणि तेथील जीवांना तिची सवय नसते.

आठवड्याचा क्रम, उन्हाळा आणि गुरुवार

२०० लिटरच्या टाकीत खडक-वाळू वजा जाता सुमारे १७० लिटर पाणी राहते. त्यातील दहावा हिस्सा, म्हणजे १७ लिटर, दर आठवड्याला बदलावा. काच खरवडणे, स्किमरचा कप धुणे, गाळणीचा कापूस बदलणे ही कामे आधी आणि पाणी काढणे नंतर, म्हणजे मोकळी झालेली घाण सोबतच निघून जाते. रोज सकाळी मासे मोजावेत. दिसत नसलेला मासा खडकामागे मेलेला असला, तर एका दिवसात अमोनिया डोके वर काढतो. दोन-तीन महिन्यांनी पंप काढून पांढऱ्या व्हिनेगरमध्ये किंवा लिंबूसत्त्वाच्या पाण्यात बुडवावेत. त्यांवर बसलेला चुना विरघळतो आणि मंदावलेला प्रवाह पूर्ववत होतो.

बाष्पीभवनाने फक्त पाणी उडते, मीठ मागेच राहते. म्हणून रोजची तूट नेहमी शुद्ध गोड्या पाण्याने भरायची, खाऱ्या नव्हे. उन्हाळ्यात दिवसाला दोन लिटर उडाले आणि पाच दिवस कोणी लक्ष दिले नाही, तर ३५ ची लवणता ३७ च्या वर जाते. शनिवार-रविवारपुरते उघडणाऱ्या घरात म्हणूनच ही टाकी ठेवू नये. फ्लोट स्विच लावून पाण्याची भर आपोआप पडू देता येते, पण मोजायला आणि पाहायला माणूस लागतोच.

तापमान २४ ते २७ अंशांत ठेवणे, हा पुणे परिसरातील खरा कसोटीचा भाग. उन्हाळ्यात घरातील खोली ३२-३३ अंशांवर सहज जाते. पाण्यावर पंखा लावल्यास दोन-तीन अंश उतरतात, पण पावसाळ्याच्या दमट हवेत हा उपाय लटका पडतो. मोठ्या टाकीस चिलरच लागतो. समुद्रातही, नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा एखाद-दुसरा अंश काही आठवडे वाढला, की प्रवाळ पांढरे पडतात. १९९८, २०१०, २०१४ ते २०१७ आणि २०२३ पासून पुढे जगभर हे घडले. घरच्या टाकीला तर काही आठवडे नव्हे, काही तासच पुरतात.

गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, आणि त्याच वेळी वीज गेली तर संकट दुहेरी होते. महावितरणचा देखभालीचा गुरुवार पुणे परिसराला परिचित आहे. वळवाच्या वादळात तारा तुटल्या, तर मात्र कोणता वार आणि किती तास, याचा नेम नसतो. दिवे आणि चिलर इन्व्हर्टरवर घेण्याची गरज नाही. प्रवाहाचा एक पंप चालता राहिला, तरी मासे आणि जिवाणू दोन्ही तगतात. बॅटरीवरील हवेचा लहान पंप घरात असावाच. तोही नसेल, तर मगाने टाकीतलेच पाणी उंचावरून पुन्हा टाकीत ओतत राहावे. अ‍ॅना थिन यांच्या मोलकरणीचा तो उपाय आजही लागू पडतो.

हवेबाबत आणखी एक. स्किमर आणि हवेचा पंप खोलीतील हवा शोषून पाण्यात मिसळतात. ज्या खोलीत टाकी आहे, तेथे डासांची कॉइल, कीटकनाशकाचा फवारा, धूप किंवा ताजा ऑइलपेंट नको. देवघर आणि मत्स्यालय एकाच भिंतीला असेल, तर दोहोंपैकी एकाची जागा बदलावी. बहुधा मत्स्यालयाचीच बदलेल.

टाकलेले पाणी

शहरात बदललेले पाणी मोरीत ओतले की विषय संपतो. वरव्यासारख्या गावात मोरीचे पाणी पुष्कळदा परसातील शोषखड्ड्यात किंवा बांधाच्या कडेने शेतात जाते, आणि विहीर फार लांब नसते. आठवड्याला १७ लिटर म्हणजे सुमारे ६०० ग्रॅम मीठ. वर्षाकाठी ते ३१ किलो होते. एवढे मीठ एकाच खड्ड्यात मुरत राहिले, तर आधी परसातील झाडे आणि नंतर शेजाऱ्याच्या विहिरीचे पाणी त्याची साक्ष देऊ लागते. भातखाचरात तर ते कदापि सोडू नये, ओढ्यातही नाही. कोरड्या महिन्यांत उथळ ट्रेमध्ये गच्चीवर वाळवून राहिलेले मीठ कोरड्या कचऱ्यात द्यावे. पावसाळ्यात कॅनमध्ये साठवून शहरातील सांडपाण्याच्या वाहिनीत रिकामे करावे. आरओ यंत्र प्रत्येक लिटरमागे तीनेक लिटर पाणी टाकून देते. ते जड असले तरी खारे नसते, फरशी पुसायला आणि संडासात वापरायला चालते.

हौस संपली किंवा घर बदलले, तर मासे समुद्रात 'सोडून देण्या'साठी कोकणात नेऊ नयेत. पेटीत वाढलेल्या माशाबरोबर त्याचे रोगही किनाऱ्यावर पोहोचतात. ते दुसऱ्या हौशी माणसाकडे किंवा ज्या दुकानातून आणले त्याच्याकडे परत द्यावेत, आणि सोबत पाण्याच्या नोंदींची वहीही द्यावी.